अस्सल बरहुकूम

काका दिसायला कसे होते ते मला विचारू नका. मराठी चौथीत असताना मला देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. काका आमच्या शेजारी राहायला आले ते त्यानंतर. ते चांगले उंच असावेत, कारण आमच्या दाराची चौकट त्यांच्या कपाळाला रोज लागायची. लागली की ते चौकटीलाच 'माफ करा' म्हणायचे आणि मग आत यायचे. आई म्हणायची, "अहो, वाकून या की." काका म्हणायचे, "हो." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठक्, माफ करा.

सोलापुरात आमच्या पेठेत एकाच लांबलचक घराचे तुकडे पाडून भाड्यानं दिलेले होते. आमच्या आणि काकांच्या बिऱ्हाडात नुसती फळ्यांची आडभिंत होती. त्यामुळं त्यांच्या घरी आमटीला फोडणी पडली की शिंकायचं आम्ही. वडील म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होते. काका कोर्टात नक्कल-कारकून. कोर्टाचं काम संपेना म्हणजे ते कागद घरी आणायचे, आणि गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की फळीपलीकडं टाकाची कुरकुर सुरू व्हायची. मला माणसांच्या चालीवरून माणसं ओळखू यायची, पण काकांना मी आधी ओळखायला लागलो तो त्यांच्या टाकावरून.

नक्कल-कारकुनाचं काम आता समजावून सांगावं लागेल. खटल्याचा निकाल लागला की पक्षकाराला त्याची प्रत हवी असते. ती हातानं उतरून काढायची, दुसऱ्या कारकुनासमोर मोठ्यानं वाचून मुळाशी ताडून बघायची, याला रुजवात म्हणत, आणि शेवटी लिहायचं, 'अस्सल बरहुकूम नक्कल'. मुळात आहे तसंच इथं आहे, काना-मात्रेचा फरक नाही. एकदा म्हणे एका जमिनीच्या निकालात पूर्वेची हद्द दोनदा पडली होती आणि पश्चिमेची पडलीच नव्हती. काकांनी ती तशीच उतरून दिली. वकील तणतणत आला, "अहो, एवढं तुम्हाला कळू नये?" काका म्हणाले, "कळलं की. पण कळणं माझ्या कामात येत नाही."

हे कोर्टापुरतं असतं तर ठीक होतं. माझ्या आत्या दुसऱ्या पेठेत राहायच्या. आईनं एकदा काकांबरोबर निरोप धाडला, "जाता जाता वन्संना सांगा, हळदीकुंकवाला या म्हणावं. नाही आल्या तरी बरंच." काकांनी आत्यांच्या दारात उभं राहून दोन्ही वाक्यं सांगितली. दुसरं वाक्य तर आईच्या सुरात सांगितलं असं आत्यांचं म्हणणं. वर्षभर आत्यांनी आमच्या घराचं तोंड पाहिलं नाही. आई काकांवर चिडली, "अहो, शेवटचं मी माझ्याशी म्हटलं होतं!" काका शांतपणे म्हणाले, "तसं आपण वेगळं सांगितलं नाहीत."

संध्याकाळी ते मला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. छापण्यात चूक असेल ती चुकीसकट. "काका, इथं काहीतरी गडबड आहे," असं म्हटलं की "असं छापलंय," एवढंच उत्तर. जाहिराती, बाजारभाव, शेवटी खालच्या कोपऱ्यातलं मुद्रकाचं नाव, सगळं वाचल्याशिवाय पेपर खाली ठेवायचे नाहीत. मधलं एखादं सदर सोडा म्हटलं तर त्यांना ते चोरीसारखं वाटायचं. जगाची पहिली ओळख मला अशी मुद्रणदोषांसह झाली.

काकू अक्कलकोटच्या बाजूच्या. माहेरी कानडी बोलायच्या, इकडं मराठी. पण त्यांच्या मराठीत बाई आला होता आणि पाऊस आली होती. माणूस मोठं मायेचं. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा, नवरा मॅट्रिक असल्याचा. त्यांची थोरली बहीण सोलापुरातच दिलेली होती. त्या मेहुण्यांचं, म्हणजे काकांच्या साडूंचं, अडतीचं दुकान, घरी गाय, बहिणीच्या अंगावर दागिने. पण साडू मराठी फायनलच्या पुढं गेलेले नव्हते. काकूंच्या हातात बांगड्या काचेच्या, तरी सणावारी बहिणीशेजारी त्या ताठ बसायच्या त्या या एका मॅट्रिकच्या जोरावर. भाजीवालीशी घासाघीस करतानासुद्धा, "अय्य, मॅट्रिकच्या घरी किडकं वांगं देतीस होय गं?" त्यामुळं पेठेत काकांना मॅट्रिकराव असंच नाव पडलं होतं. कुणी तशी हाक मारली की काका ओ द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, विनय आहे.

मी शिकलो तो ताईच्या तोंडून. ती मोठ्यानं वाचायची, मी ऐकायचो. भूमितीसाठी वडील खराट्याच्या काड्या तोडून सारवलेल्या जमिनीवर त्रिकोण मांडायचे आणि माझी बोटं त्यावर फिरवायचे. हेडमास्तर भले होते, त्यांनी मला वर्गात बसू दिलं. असा मी मॅट्रिकच्या वर्षापर्यंत आलो. आता प्रश्न आला लिहायचं कुणी. वडिलांनी युनिव्हर्सिटीला विनंती केली, आणि आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं अशी परवानगी आली. विद्यार्थ्यानं तोंडी सांगावं, लेखनिकानं लिहावं. अट अशी, की लेखनिक नात्यातला नसावा, शिक्षक नसावा, आणि मॅट्रिक पास झालेला नसावा.

आई देवापुढं साखर ठेवायला गेली आणि वडील डोक्याला हात लावून बसले. त्या वेळी सगळे पेपर इंग्रजीतून. ज्याला इंग्रजी बरं लिहिता येतं तो मॅट्रिक झालेला, आणि मॅट्रिक नाही त्याला इंग्रजी लिहिता येत नाही. शोध सुरू झाला. गिरणीतला एक टाइमकीपर मिळाला, तो प्रत्येक वाक्याला "म्हणजे काय?" विचारायचा आणि सांगितल्याशिवाय पुढं जायचा नाही. एका दवाखान्यातला कंपाउंडर आला. त्यानं भराभर लिहिलं, पण लिहिलेलं त्याचं त्यालाही वाचता येईना. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ जवळ आली तसं घरात माझ्यासमोर त्या विषयावर बोलणंच बंद झालं. मी समजलो. अंध मुलगा एवढा शिकला, पुष्कळ झालं, आता कीर्तनकाराच्या मागं झांज धरायला पाठवू, असं कुणी तरी वडिलांना सुचवूनही गेलं होतं.

एका संध्याकाळी चौकट वाजली. 'माफ करा' मात्र ऐकू आलं नाही.

"मास्तर, लेखनिक मिळाला का?"

"कुठला मिळतोय," वडील म्हणाले.

"मी बसतो."

"अहो, तुम्ही बसलात तर सोनंच. पण तुम्ही मॅट्रिक झालेले ना."

काका आत येऊन टेकले. मग म्हणाले, "दार लावून घ्या." ताईनं दार लावलं.

"मी मॅट्रिक नाही," काका म्हणाले. "लग्न ठरलं तेव्हा मी मध्यस्थांना सांगितलं होतं, मॅट्रिकला बसलोय. त्यांनी तिकडं जाऊन सांगितलं, मॅट्रिक झालाय. मांडवात सासऱ्यांनी चारचौघांत तेच म्हटलं. मी बाशिंग बांधून उभा होतो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. म्हटलं, निकाल लागेल, पास होऊ, मग खोटं तरी कुठं राहतं? निकाल लागला, नापास. गणित. पुन्हा बसलो, पुन्हा गणित. कोर्टाच्या कामानं पुण्याला जातो म्हणून सांगून परीक्षेला जायचो. शेवटी सोडून दिलं. हिला अजून ठाऊक नाही."

वडील म्हणाले, "मग कशाला आता..."

"मास्तर, जन्मात एकच नक्कल मी चुकीची रुजू होऊ दिली. ती माझीच." काकांनी खाकरून घसा साफ केला. "सेंटरवर सुपरवायझरला तेवढं सांगावं लागेल. त्याच्यापलीकडं जाऊ नये, एवढं बघा."

वडिलांनी शब्द दिला.

आमचा सराव सुरू झाला. टाक हातात घेतला की काका मला 'अहो' म्हणायला लागायचे. एरवी मी 'अरे गाढवा' होतो. दौतीचं झाकण उघडलं की "सांगावं आपण." झाकण लागलं की "चल ऊठ, पाय मोकळे कर." या मानपानाचं मला आधी हसू यायचं. पुढं पुढं असं झालं की त्या 'सांगावं'नं माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. आंधळ्या पोराला तोवर सगळे सांगतच आले होते. तू सांग, असं म्हणणारे हे पहिलेच.

काकांचा हात काय वर्णावा! मी ऐकलेला आहे म्हणून सांगतो. कागदावर टाक एकसारखा चालायचा, ओळ संपली की बारीक टक्, दौतीत बुडी, काठावर एकदा निथळणं, की पुढची ओळ. पण थोड्या दिवसांत मला एक शोध लागला. मी चुकीचं सांगितलं की टाक थांबायचा. किंचितच, श्वासाएवढा. मी लगेच मागं जायचो, विचार करायचो, चूक सुधारायचो. माझे सरावाचे पेपर सुधारले. हेडमास्तर खूष. मी तर स्वतःवर भलताच खूष होतो.

काका एकदा म्हणाले, "हल्ली आपण आपली चूक नेमकी तिथल्या तिथं धरता. ती कशी?"

"तुमचा टाक थांबतो की!" मी मोठ्या फुशारकीनं सांगितलं.

दौतीचं झाकण लागलं. काका उठून गेले आणि काही दिवस आलेच नाहीत. फळीपलीकडं मात्र टाक रोज चालू. मागाहून ताईनं सांगितलं, की काकांनी तिच्याकडून मुद्दाम चुका घातलेले उतारे लिहून घेतले होते, आणि ते उतारे ते न थांबता उतरून काढत बसत. परत आले तेव्हा टाक असा चालत होता की मी दोन अधिक दोन पाच सांगितलं असतं तरी त्यानं हूं की चूं केलं नसतं. मी वैतागलो. "काका, यात काय बिघडत होतं? मी काही विचारत नव्हतो, तुम्ही काही सांगत नव्हता."

"माझा टाक सांगत होता," काका म्हणाले. "उद्या कुणी म्हटलं, याला कारकुनानं पास केला, तर तुझ्याकडं राहिलं काय? डोळे गेले ते गेले. निदान मार्क तरी तुझे तुझे असू देत की."

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. मला पास व्हायचं होतं. कसंही.

परीक्षेचं सेंटर गावातल्याच एका शाळेत होतं. पहिल्या दिवशी सकाळीच ऊन चढलेलं, व्हरांड्यात पोरांची आणि पालकांची ही गर्दी. त्या गर्दीत मला एक तंबाखूचा खोकला ओळखू आला. काकांचे साडू! त्यांचा मुलगाही त्याच वर्षी बसला होता. मी काकांचा हात दाबला. काका म्हणाले, "ऐकला मी."

मुख्य सुपरवायझर बाहेरगावचे होते. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. आम्हाला खोलीत नेऊन विचारायचं ते त्यांनी व्हरांड्यातच, कागद हातात धरून, खड्या इंग्रजीत विचारलं. लेखनिक आपणच का? आपण मॅट्रिक पास आहात का?

काकांना हळू बोलता आलं असतं. जवळ जाऊन कानात सांगता आलं असतं. पण विचारल्याचं उत्तर द्यायचं म्हणजे त्यांचा रुजवातीचा आवाज लागायचा, सपाट, मोठा, शब्द न् शब्द सुटा.

"नो सर. आय ॲपिअर्ड अँड फेल्ड."

"हाऊ मेनी टाइम्स?"

"एव्हरी टाइम, सर."

पोरं हसली. खोकला एकदम थांबला, आणि मग साडूंचा आवाज आला, "अरेच्चा! मॅट्रिकराव?" काकांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्याचा ओलावा सदऱ्यातून मला लागला.

शिपाई म्हणाला, "तुमी हिकडं या की. तुमची खोली न्यारी हाय, लई गार हाय." त्या माणसाचं भलं होवो.

खोलीत बसलो. पेपरचं मला काही सुचत नव्हतं. दौतीचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि नेहमीच्याच आवाजात काका म्हणाले, "सांगावं आपण." मी सांगायला लागलो.

बातमी आमच्या आधी पेठेत पोचली. संध्याकाळी काकूंची बहीण येऊन गेली. फळीपलीकडं भांडी आपटली, मग तीही थांबली. त्या दिवसापासून काकूंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, माहेरी गेल्या नाहीत. दोन वेळा वाढायच्या आणि गप्प. भाजीवाली दारावर आली तर देईल ते घ्यायच्या. आईला एकदाच म्हणाल्या, "गणितात नापास झाले त्याचं काय नाही हो वहिनी. यवढं वर्षं मला कुणासमोर बोलायला लावलं, आणि आपण ऐकत बसले." काकूंचं बरोबर होतं.

काही सांगायचंच झालं तर काकू ते माझ्यातर्फे सांगायच्या. नवरा-बायको एकाच छपराखाली, आणि निरोप फळीपलीकडून माझ्याकडं आणि माझ्याकडून पुन्हा फळीपलीकडं. मी आपला ते जरा गोड करून द्यायचो.

"काका, काकू म्हणतात जेवून घ्या."

"नेमकं काय म्हणाली? अस्सल सांग."

"म्हणाल्या, 'त्या माणसाला सांग, भाकरी झाकून ठेवलंय.'"

"'त्या माणसाला' म्हणाली?"

"हो."

"बरं," म्हणून काका जेवायला जायचे.

असं चाललेलं असताना रोज सकाळी आम्ही पेपरला जात होतो. त्यातच भूमितीचा दिवस आला. एक प्रमेय आम्ही इतकं घोटलं होतं की ताईला, आईला, बहुधा चौकटीलाही ते पाठ झालं असेल. ते आलं. माझा आनंद मावेना. धडाधड सांगत सुटलो. मध्येच कागदावर कर्र झालं आणि टाकाचा आवाज बदलला. काका उठून म्हणाले, "साहेब, निब बदलतो." बदलली. मी पुढं सांगत राहिलो.

बाहेर पडून तळ्याच्या बाजूनं घरी येताना मी मनात तेच प्रमेय पुन्हा म्हणून बघत होतो, आणि मध्येच माझे पाय थांबले.

"काका, तो दुसरा कोन मी काय सांगितला?"

"ए बी सी."

"ए सी बी पाहिजे होता!"

"हो."

"मग त्याच्या खालचं सगळं..."

"खालचंही आपण सांगितलं तसंच."

"तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं. घोटून घोटून मलासुद्धा पाठ झालंय ते."

मी भर रस्त्यात ओरडलो. माझं वर्ष गेलं, माझा जन्म गेला, मी आता झांज धरून हिंडायचं, आणि तुम्हाला नुसता टाक थांबवता आला नाही? तुम्ही माणूस आहात का कोण? येणारेजाणारे थांबले असतील. मी कट्ट्यावर बसून हुंदके देत राहिलो. काका शेजारी उभे होते.

"टाक थांबत होता," ते म्हणाले. "म्हणून दाबला. तिथंच निब फुटली." थोड्या वेळानं म्हणाले, "उठावं आपण. ऊन फार आहे."

दौतीचं झाकण केव्हाच लागलेलं होतं, तरी त्या दिवशी ते मला 'अरे' म्हणायला विसरले. मी त्यांचा हात न धरता घरी आलो, म्हणजे वाटेत धडपडत आलो, आणि ते माझ्यामागं मला धक्का लागणार नाही इतक्या अंतरावरून चालत होते, हे त्यांच्या वहाणांवरून मला कळत होतं.

निकालाचा पेपर घेऊन काका स्वतःच आले. ठक्, माफ करा. सेंटरवार नंबर छापलेले. काकांनी पान उघडलं आणि पहिल्यापासून वाचायला लागले.

"काका, माझा नंबर बघा की!"

"येईल तेव्हा येईल."

"अहो, सोलापूरचं तेवढं बघा," वडील काकुळतीला आले.

"मध्येच कुठं बघायचं?" म्हणून काका वाचतच राहिले. कुठकुठल्या गावांची पोरं पास झाली ती सगळी आम्ही ऐकली. आई जपमाळ ओढत होती. सोलापूर आलं. नंबर पुढं सरकत होते, काही गाळलेले होते, आणि गाळलेल्या प्रत्येक जागी माझा जीव खाली-वर होत होता. मग माझा नंबर आला. त्यांनी तो इतर नंबरांसारखाच वाचला आणि पुढचा वाचायला लागले. आई ओरडली, ताईनं मला मिठी मारली, वडील बाहेर निघून गेले, आणि या सगळ्या गोंधळात काका शेवटच्या गावापर्यंत, मुद्रकाच्या नावापर्यंत पोचले.

पुढं मी पुण्याला कॉलेजात गेलो. तिथल्या परीक्षांना मॅट्रिक झालेला लेखनिकही चालला असता. पण मला दुसरा हात नको होता आणि काकांनाही दुसरं कुणी नको होतं. दरवर्षी रजा काढून, शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या बांधून घेऊन ते यायचे. लेखनिकाचं शिक्षण विचारलं की ते स्वतःच लिहून द्यायचे, 'मॅट्रिक नापास', तेही असल्या वळणदार अक्षरात म्हणे, की प्रिन्सिपॉलांनी एकदा तो कागद बाकीच्यांना दाखवला. आज मी कॉलेजात शिकवतो. मुलं पेपर लिहीत असली की मी वर्गात बसून त्यांची पेनं ऐकतो. कुणाचं कुठं थांबलं ते मला कळतं, आणि मी काही बोलत नाही.

पण मला सांगायचं आहे ते पेढ्यांच्या संध्याकाळचं. वडिलांनी पेठेतल्या माणसांना बोलावलं होतं. बायका आत, पुरुष बाहेरच्या खोलीत. काका दाराशी, पायरीजवळ कुठं तरी बसले होते. व्हरांड्यातल्या त्या दिवसापासून ते चारचौघांत असेच कडेला बसायचे. साडू आणि काकूंची बहीणही आली होती. त्यांच्या मुलाचा नंबर गाळलेल्यांत होता. बापाचं मन, माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांनी पेढा घेतला, खोकले आणि म्हणाले, "मास्तर, पोरगं पास झालं, आनंद आहे. पण आपलं एक आपसांत बोलतो. तोंड याचं, आणि हात कोर्टात मुरलेल्या माणसाचा. आता त्यातलं कुणाचं किती, ते देवालाच ठाऊक."

माझ्या हातातला पेढा चिकट व्हायला लागला. मला वाटलं, झालं, आता हे जन्मभर असंच राहणार.

दाराशी हालचाल झाली. ठक्. माफ करा. काका उभे राहिले होते. आणि मग त्यांचा तो रुजवातीचा आवाज लागला, आतल्या बायकांनाच काय, रस्त्यापलीकडच्या विणकरांच्या मागांवरही ऐकू जाईल असा.

"पेपर मी सोडवला असता तर हे नापास झाले असते. मी मॅट्रिक नापास आहे. बसलो तितक्या वेळा नापास आहे, गणितात. मला येत असतं तर मी पास झालो नसतो का? हे पास झालेत ते यांच्या डोक्यानं. भूमितीत यांचं एक प्रमेय चुकलंय, ते सुद्धा यांचंच. मला दिसत असून मी दुरुस्त केलं नाही. सगळे पेपर अस्सल बरहुकूम आहेत."

आणि खाली बसले.

साडू पुन्हा खोकले. वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. जे नापास होणं काकांनी इतकी वर्षं घरात लपवलं, ते त्यांनी आज चव्हाट्यावर मांडलं होतं, आणि माझं पास होणं त्यावर उभं राहिलं होतं.

तेवढ्यात आतल्या दारातून काचेच्या बांगड्या वाजल्या. काकू बाहेर आल्या. पुरुषांत येत नसत कधी, त्या आल्या. आत वळून बहिणीला कानडीत काहीतरी म्हणाल्या. काय ते मला कळलं नाही. मग बांगड्या दाराकडं गेल्या, थाळीचा आवाज झाला, आणि काकू म्हणाल्या, "पेढा घ्या की. सगळ्यांना दिलं, तुम्हालाच राहिलंय."

मग बांगड्या आत गेल्या, लोक बोलायला लागले. काका माझ्याजवळ सरकले. त्यांच्या अंगाला शाईचा वास यायचा, त्यात आज वेलदोड्याचा मिसळला होता.

"अरे," ते अगदी हळू म्हणाले, "मलाच म्हणाली ना?"

"तुम्हालाच."

"नेमकं काय म्हणाली?"

मी काकूंचं वाक्य त्यांना म्हणून दाखवलं, काकूंच्याच सुरात, काना-मात्रेचा फरक न करता.

"पुन्हा सांगावं," काका म्हणाले.